मूळ तक्ता बदलला, वेबवरचा नकाशा जुनाच: बदल कुठे अडकला ते कसं शोधायचं

‘नकाशा अपडेट होत नाही’ ही तक्रार माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते. पाण्याचे टँकर कुठे उभे राहतात, कोणत्या विहिरी अधिग्रहित आहेत, कोणत्या टाक्या चालू आहेत, अशा नकाशांची देखभाल मी करतो. माहिती रोज बदलते आणि नकाशा मागे राहतो. तक्रार एकच असली तरी तिच्यामागे वेगवेगळे बिघाड असतात, म्हणून आधी लक्षण नेमकं ओळखा:

- बदल कुणालाच दिसत नाही.
- तुम्हाला दिसतो, शेजारच्याच्या फोनवर दिसत नाही.
- लांबून जुनं दिसतं, झूम करून जवळ गेलं की नवं.
- बिंदूवर क्लिक केलं की नवी माहिती उघडते, पण त्याचा रंग जुनाच.
- नव्या नोंदी येतात, रद्द केलेल्या मात्र हटत नाहीत.
- बाकी सगळं ताजं, एखादा जिल्हा किंवा एखादं गावच राखाडी.
- नोंद आली, पण भलत्याच ठिकाणी.

यातलं तुमचं लक्षण कोणतं ते कागदावर लिहा. पुढच्या निम्म्या तपासण्या त्यावरच गाळता येतात.

मी हे इतकं मनावर का घेतो, ते सांगतो. एका वर्षी मे महिन्यात एका वाडीचा टँकर थांबा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला हलवला होता. तक्त्यात बदल त्याच दिवशी झाला. नकाशावर तो चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांत नकाशा बघून आलेल्या बायका हंडे घेऊन जुन्याच थांब्यावर उभ्या होत्या. जुना नकाशा कोऱ्या नकाशापेक्षा वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात.

आधी एक खूण पेरा

वेबवरचा नकाशा म्हणजे प्रतीची प्रत असते. कुणी तक्ता भरतं, तो डेटाबेसमध्ये जातो, डेटाबेसवरून चित्रं बनतात, ती सर्व्हरवर साठतात आणि शेवटी बघणाऱ्याच्या फोनमध्ये त्यांची आणखी एक प्रत राहते. बदल यांपैकी एका टप्प्यावर अडकलेला असतो. टप्पा माहीत नसताना दुरुस्ती सुरू केली तर तीन चांगल्या गोष्टी बिघडतात आणि बिघडलेली तशीच राहते.

म्हणून मूळ तक्त्यात एक नोंद निवडा आणि तिच्या शेरा रकान्यात काही निरुपद्रवी लिहा. ‘तपासणी, सकाळी ९:४०’ एवढं पुरे. आता ही खूण कुठपर्यंत पोहोचते ते टप्प्याटप्प्याने बघत जायचं. जिथे ती पहिल्यांदा दिसेनाशी होते, त्याच्या लगेच आधी बिघाड आहे. आख्ख्या लेखातली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. बाकी सगळं तिच्याच आधाराने करायचं.

ब्राउझर: दोन मिनिटं, खर्च शून्य

खासगी खिडकी उघडून नकाशा बघा. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर बघा. संगणकावर असाल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. साध्या रिफ्रेशने सगळ्या जुन्या प्रती जातातच असं नाही.

ही तपासणी पहिली, कारण ती प्रश्नाचे सरळ दोन तुकडे करते. खासगी खिडकीत नवं दिसलं तर सर्व्हरपर्यंत सगळं ठीक आहे, जुनी प्रत फक्त बघणाऱ्याकडे आहे. तिथेही जुनंच असेल तर बघणाऱ्यांना ‘हिस्ट्री साफ करा’ सांगत बसू नका. त्यांचा काही दोष नाही.

प्रती बघणाऱ्यांकडेच अडकत असतील तरी उपाय तुमच्या बाजूने करायचा. माहितीच्या फाइलला सर्व्हरने किती वेळाची मुदत दिली आहे ते बघा. रोज बदलणाऱ्या फाइलला आठवडाभराची मुदत असेल तर ब्राउझर आठवडाभर नवी प्रत मागणारच नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. मुदत कमी करा, किंवा फाइलच्या पत्त्याच्या शेवटी तारीख जोडा, म्हणजे पत्ता बदलला की ब्राउझरला ती नवी फाइल वाटते. मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती जागोजागी साठवून बघणाऱ्याला जवळून देणारी सेवा) असेल तर तिथली साठवलेली प्रतही काढून टाकावी लागते. नकाशा फोनवर अ‍ॅपसारखा बसवायची सोय दिली असेल तर त्यातला सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारा छोटा प्रोग्राम) स्वतःचा वेगळा साठा ठेवतो, हे लक्षात असू द्या.

बदल खरंच जतन झाला का, आणि योग्य फाइलमध्ये?

हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्राममध्ये पेन्सिल (बदल करायचं बटण) चालू असताना केलेला बदल तुमच्या पडद्यावर लगेच दिसतो, पण ‘सेव्ह लेयर एडिट्स’ दाबेपर्यंत तो फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये गेलेला नसतो. तात्पुरत्या लेयरवर (नकाशाच्या थरावर) काम केलं असेल तर प्रोग्राम बंद झाल्यावर ते जातंच.

दुसरी शक्यता अशी की बदल जतन झाला, पण प्रतीत. ‘विहिरी_अंतिम’, ‘विहिरी_अंतिम_२’, ‘विहिरी_नवीन’ अशा तीन फाइली एकाच फोल्डरमध्ये मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. लेयरच्या गुणधर्मांमध्ये माहितीच्या पानावर फाइलचा पूर्ण पत्ता असतो. तो वाचा आणि नकाशा ज्या फाइलवरून बनतो तिच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. शेपफाइल असेल तर ती एक फाइल नसते. आकार एका फाइलीत, तक्ता दुसरीत, त्यांची अनुक्रमणिका तिसरीत आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) चौथीत. सर्व्हरवर फक्त आकाराची फाइल चढवली तर नव्या आकारांना जुना तक्ता चिकटतो.

नकाशा जिवंत आहे की फोटो?

काही नकाशे बिघडलेले नसतातच. ते पहिल्यापासून एका दिवसाची प्रत म्हणून बनलेले असतात आणि हे कुणी सांगितलेलं नसतं. क्यूजीआयएसमधून ‘क्यूजीआयएस टू वेब’ प्लगइन वापरून नकाशा काढला असेल तर त्या क्षणाची माहिती डेटा फोल्डरमध्ये गोठते. मूळ फाइल कितीही बदला, पुन्हा निर्यात केल्याशिवाय नकाशा हलणार नाही. गूगल माय मॅप्समध्ये शीट आयात केली तर तिचीही प्रतच होते. शीटमधले नंतरचे बदल तिकडे आपोआप जात नाहीत, पुन्हा आयात करावं लागतं. आर्कजीआयएस ऑनलाइनवर चढवलेला होस्टेड लेयर हीसुद्धा प्रतच, ती नव्या माहितीने ओव्हरराइट करावी लागते.

अशा नकाशाला ‘रोज ताजं ठेवायचं’ असं काम दिलं असेल तर दुरुस्ती करत बसू नका, रचना बदला. नोंदी शे-दोनशे असतील तर गूगल शीट ‘पब्लिश टू वेब’ करून लीफलेटने (वेबवर नकाशा दाखवणाऱ्या कोड-लायब्ररीने) ती थेट वाचणं सर्वांत स्वस्त पडतं. शीट बदलल्यावर काही मिनिटांत नकाशा बदलतो. त्या शीटमध्ये कुणाचे फोन नंबर ठेवू नका, कारण प्रसिद्ध केलेली शीट कुणालाही वाचता येते.

रात्रीचं काम चाललं का?

बहुतेक ठिकाणी तक्त्यातून डेटाबेसमध्ये माहिती नेणारी एक छोटी स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी चालते. ती बंद पडली तर ओरडत नाही, आणि सगळ्यांना वाटत राहतं की काम चालू आहे. लॉगमधली (स्क्रिप्टच्या नोंदवहीतली) शेवटची ओळ वाचा: तारीख कोणती आणि काम पूर्ण झालं का. माझ्या अनुभवात कारणं तीनच असतात. डिस्क भरलेली, पासवर्ड बदललेला, नाहीतर तक्ता भरणाऱ्याने रकान्याचं नाव बदललेलं. चौथी गोष्ट बिघाड नाही, गैरसमज आहे: सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथे पहाटे १ ला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी ६:३० ला होतं, आणि सहा वाजता नकाशा बघणाऱ्याला तो कालचा दिसतो.

पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाची माहिती साठवता यावी म्हणून दिलेल्या जोडणीत) मटेरियलाइज्ड व्ह्यू वापरला असेल तर तोही तपासा. साधा व्ह्यू, म्हणजे डेटाबेसला विचारायचा नाव देऊन ठेवलेला प्रश्न, दरवेळी मूळ तक्त्याकडे जातो. मटेरियलाइज्ड व्ह्यू मात्र उत्तर साठवून ठेवतो आणि रिफ्रेशची आज्ञा मिळेपर्यंत तेच देत राहतो. ही आज्ञा रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये माहिती भरून झाल्यावर यायला हवी, आधी नाही. मी एकदा ती आधी लिहिलेली पाहिली. तो नकाशा कित्येक महिने बरोबर एक दिवस मागे चालत होता.

रद्द केलेल्या नोंदी हटत नसतील तर स्क्रिप्ट फक्त भर घालते आहे, पुसत नाही. नवी नोंद घाल, असलेली बदल, एवढंच तिला शिकवलेलं असतं. तक्त्यातून जे गेलं ते डेटाबेसमधूनही काढायला शिकवा. त्याहून बरं म्हणजे तक्त्यातली ओळ पुसूच नका. ‘बंद, तारीख अमुक’ असा रकाना ठेवा आणि नकाशाला फक्त चालू नोंदी दाखवायला सांगा. टँकर कधी बंद झाला, हा प्रश्न पुढे कुणीतरी विचारतंच.

एखादाच जिल्हा किंवा गाव राखाडी: नावं जुळत नाहीत

इथे थांबून नीट बघण्यासारखं आहे, कारण ही आपल्या मातीतली अडचण आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांमध्ये ती सापडत नाही.

सीमांची फाइल एक, आकडेवारीचा तक्ता दुसरा, आणि दोन्ही नावावरून जोडलेले. ज्या दिवशी तक्त्यात नाव बदलतं त्या दिवशी जोड तुटतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तक्ता भरणाऱ्यांनी योग्य तेच केलं, नवं नाव लिहिलं. सीमांच्या फाइलमध्ये जुनं राहिलं आणि जिल्हा राखाडी पडला.

राखाडी निदान दिसतो तरी. पालघरचं तसं नाही. तो जिल्हा ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेच्या सीमांवर बनलेल्या नकाशात जिल्हे ३५, आजच्या तक्त्यात ३६. पालघरच्या आकड्याला बसायला जागाच नाही, तो गुपचूप गळून पडतो, आणि ठाण्याचा रंग थेट डहाणू-तलासरीपर्यंत पसरतो. रिकामं काहीच दिसत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. जोड केल्यानंतर तक्त्यातल्या किती ओळी जुळल्या आणि किती उरल्या, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. उरलेल्या ओळींची यादीच रोज स्वतःला मेलने येईल असं करून ठेवा.

गावांच्या पातळीवर हे आणखी चिवट होतं. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते मोजायला जाऊ नका. पंढरपूर आणि पंढरपुर संगणकाला दोन गावं वाटतात. नावापुढे राहिलेली एक मोकळी जागाही जोड तोडायला पुरते. कऱ्हाड घ्या. कुणी कराड लिहितं, ते डोळ्यांना दिसतं. पण कऱ्हाडमधलं ते अर्धं र दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतं. पडद्यावर शब्द हुबेहूब सारखा, आत साठलेली अक्षरं वेगळी. मी एकदा अख्खी दुपार या एका अक्षरापायी घालवली आहे. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून अक्षरं एकसारखी करणारं नॉर्मलाइझ हे फंक्शन मिळतं, त्याने काही प्रकार मिटतात. अदृश्य जोडचिन्ह घालून टंकलेलं अर्धं र त्यानेही मिटत नाही, ते वेगळं शोधून बदलावं लागतं.

कायमचा उपाय म्हणजे नावावर जोडायचं नाही, कोडवर जोडायचं. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड किंवा जनगणनेचे कोड, कोणतेही एक घ्या, पण दोन्ही बाजूंना तेच असू द्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ४९७, नंदुरबारपासून ५३१, सांगलीपर्यंत आहेत. पालघर त्यात नाही. कोड शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य खातं, म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा.

नोंद भलत्याच ठिकाणी

यात एक मजेदार सोय आहे: बिंदू कुठे जाऊन पडला यावरूनच चूक ओळखता येते. पुण्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडला तर अक्षांश आणि रेखांश उलटे झाले आहेत. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी लिहितात, लीफलेटमध्ये अक्षांश आधी, त्यातून हे घडतं. बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात असेल तर दोन्ही रकाने रिकामे राहून शून्य झाले आहेत.

विदर्भातल्यांनी हेही ध्यानात ठेवावं. यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत; तिच्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुणे, नाशिक, अमरावती ४३ मध्ये. वर्धा, नागपूर ४४ मध्ये. ४४ मधली मोजमापं ४३ म्हणून वाचली तर बिंदू बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतो आणि नागपूरची विहीर गुजरातेत बारडोलीच्या आसपास दिसते. नकाशाची चौकट महाराष्ट्रापुरती बांधलेली असेल तर ती दिसतही नाही, आणि तक्रार येते ती ‘नवीन विहीर येतच नाही’ अशी.

टाइलचा साठा: सर्वांत शेवटी, पण बहुधा हाच

मग ही तपासणी आधी का नाही? कारण इथे हात घालायला सर्व्हरचा पासवर्ड लागतो आणि चुकलं तर नकाशा काही तास मंदावतो.

नकाशाचं चित्र २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांतून, म्हणजे टाइलमधून बनतं. दरवेळी नव्याने रंगवायला नको म्हणून सर्व्हर ते तुकडे साठवतो. जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या प्रोग्राममध्ये हे काम जिओवेबकॅशे करतं. बदल जिओसर्व्हरमधूनच केला तर त्याला कळतं आणि जुन्या टाइल रद्द होतात. पण तुम्ही क्यूजीआयएसने किंवा स्क्रिप्टने थेट पोस्टजीआयएसमध्ये बदल केला तर त्याला पत्ताच लागत नाही. तो जुने तुकडे देत राहतो.

वरच्या यादीतली दोन लक्षणं इथलीच. क्लिक केल्यावर मिळणारी माहिती साठ्यातून येत नाही, थेट डेटाबेसमधून येते. म्हणून खिडकीत नवं आणि रंग जुना. आणि लांबून दिसणारे तुकडे आधीच बनवून ठेवलेले असतात, जवळचे मागणी आल्यावर बनतात. म्हणून झूम केलं की नवं. खात्री करायला जिओसर्व्हरमधला लेयर प्रिव्ह्यू उघडा. तो साठा वगळून चित्र नव्याने बनवतो. तिथे खूण दिसली आणि नकाशावर नाही, तर निदान पक्कं.

आता बटणं. ‘सीड’ फक्त नसलेले तुकडे बनवतं, जुने तसेच ठेवतं. हे माहीत नसल्याने लोक रात्रभर सीड चालवतात आणि सकाळी नकाशा जुनाच पाहून हताश होतात. ‘रीसीड’ सगळे पुन्हा बनवतं. ‘ट्रंकेट’ पुसून टाकतं आणि मागणी येईल तसे बनू देतं. बदल एका गावात असेल तर चौकट आखून तेवढंच ट्रंकेट करा. झूम एक पायरी वाढला की तुकडे चौपट होतात; १२ व्या पातळीवर १०० तुकडे लागणाऱ्या भागाला १६ व्या पातळीवर २५,६०० लागतात. सगळ्या पातळ्यांवर रीसीड लावण्याआधी हा गुणाकार करा. आणि रोज बदलणारे बिंदू शे-पाचशेच असतील तर त्यांचा साठाच करू नका. खाली पार्श्वभूमीचा नकाशा टाइलमध्ये, वर टँकर थेट जिओजेसनमधून. मी गेली काही वर्षं हेच करतो आणि या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या आहेत.

दोन छोट्या गोष्टी. तक्त्यात नवा रकाना आला तर जिओसर्व्हरला ‘रीलोड फीचर टाइप’ सांगावं लागतं. आणि नवी नोंद लेयरच्या जुन्या हद्दीबाहेर असेल तर तिथे टाइल बनतच नाही. ‘कंप्युट फ्रॉम डेटा’ दाबून हद्द नव्याने मोजा.

हे सगळं करतानाच नकाशाच्या कोपऱ्यात ‘माहिती अमुक तारखेपर्यंतची’ अशी ओळ घाला. ती तारीख सर्वांत अलीकडच्या नोंदीवरून काढा, पान उघडल्याच्या वेळेवरून नाही. नाहीतर नकाशा बंद पडला तरी तारीख रोज ताजी दिसेल.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सर्व्हरची डिस्क भरली असेल आणि कोणती फाइल कशाची हे ठाऊक नसेल, तर काहीही पुसू नका. पोस्टग्रेसचा पीजी-वॉल नावाचा फोल्डर लॉगसारखा वाटतो. तो पुसला तर डेटाबेस पुन्हा उघडेलच याची खात्री नाही. डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड पेज’ किंवा चेकसमची (माहिती शाबूत आहे का ते ताडणाऱ्या आकड्याची) तक्रार दिसली तर तक्ते रिफ्रेश करण्याचे, दुरुस्तीचे प्रयत्न लगेच थांबवा. प्रत्येक प्रयत्नाने वाचण्याजोगं कमी होतं. त्याच डेटाबेसवर दुसरं कुणाचं काम चालत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय रीस्टार्ट करू नका. शेवटचा बॅकअप कधीचा आहे हे सांगता येत नसेल, तर मूळ तक्त्याला हात लावायची ही वेळ नाही.

गावाची सीमाच चुकीची आहे असं दिसलं तर तो संगणकाचा प्रश्न नाही. रेघ आपल्या हाताने सरकवू नका, भूमि अभिलेख कार्यालयाकडे नोंद करा.

आणि खूण पेरल्यापासून दोन तास झाले, तरी अडलेला टप्पा सापडला नाही, तर नकाशावर ठळक सूचना लावा: ‘माहिती जुनी असू शकते, खालची यादी बघा’. खाली थांब्यांची साधी यादी चिकटवा. टंचाईच्या दिवसांत नकाशापेक्षा ती यादी लोकांना जास्त गरजेची असते. मग जाणकाराला फोन करा आणि त्याला तीन गोष्टी द्या: खूण कोणत्या नोंदीत आणि किती वाजता पेरली, शेवटची कुठे दिसली, आणि त्यानंतर तुम्ही काय काय बदललं, चुकून बदललेलंही.